घरच्या डिस्टॉर्शन पेडलला अ‍ॅक्टिव्ह बास-मिड-ट्रेबल: तयार बोर्ड लावल्यावर आवाज तुटतो, काय करावं?

फोंड्याचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी. पेडल घरी बांधलेलं आहे, सर्किट जुन्या वळणाचं. एक ७४१ (ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी), गेनला ५०० के (किलो-ओहम) पॉट, आउटपुटवर १ मायक्रोचा कपॅसिटर, मग १० के, पुढे दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट ग्राउंडला, त्यांच्यावर १ नॅनो आणि शेवटी १०० के लॉग व्हॉल्यूम. डिस्टॉर्शन मनासारखं आहे, पण टोनचं एकही बटण नाही. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि दोन ट्रम्पेट सुरू झाले की गिटार कुठे गेली त्याचा पत्ता लागत नाही.

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवतात तो ४५५८ चा (एका आयसीत दोन ऑप-अँप) तयार बास-ट्रेबल बोर्ड लावून पाहिला. त्यावर १२-०-१२ लिहिलंय, म्हणजे धन १२, शून्य आणि ऋण १२ व्होल्ट. पेडलमध्ये ९ व्होल्टच आहेत, म्हणून धन बाजूला ९ दिले आणि शून्य व ऋण दोन्ही ग्राउंडला जोडले. सिग्नल व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या लगवरून (पायावरून) नेला.

लक्षणं: आवाज तुटक येतो, हळू वाजवलं तर काहीच ऐकू येत नाही. व्हॉल्यूम फिरवला की टोनही बदलतो. ट्रेबलने फक्त सिस्स वाढतं, बासने नुसतं घुमतं. हाच बोर्ड सुधारता येईल की नव्याने बांधू? आणि ९ व्होल्टवर मिडसुद्धा बसेल का?

सोल्डरचा_धूर

बोर्ड बाजूला ठेवा. त्यातली ४५५८ आणि सॉकेट मात्र काढून घ्या, कामाला येतील.

तुटक आवाजाचं कारण पुरवठा. दुहेरी पुरवठ्याच्या बोर्डवर ऑप-अँपचा धन इनपुट ग्राउंडला बांधलेला असतो, कारण तिथे ग्राउंड मधोमध असतं. तुमच्याकडे ग्राउंड हाच तळ झाला. लाटेच्या खालच्या अर्ध्या भागाला जायला जागाच नाही, म्हणून तो कापला जातो. हळू वाजवलेला सूर पूर्णच बुडतो. तिथे पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज द्यावा लागतो.

व्हॉल्यूमबरोबर टोन बदलतो ते वेगळं दुखणं. १०० के पॉट फिरवताना त्याच्या मधल्या लगमागचा अडथळा २५ केपर्यंत जातो. बॅक्सँडल पद्धतीच्या (बास-ट्रेबल वाढवणाऱ्या-कापणाऱ्या नेहमीच्या) टोन सर्किटचा पहिला रेझिस्टरच १०-२० केचा. मागचे २५ के त्यात मिळाले की बूस्ट आणि कट यांचं गणितच बिघडतं. या सर्किटला मागून ताकदवान, कमी अडथळ्याचा सिग्नल लागतो, म्हणजे आधी बफर (आवाज न बदलता सिग्नलला ताकद देणारा भाग) आणि व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी.

तिसरं म्हणजे आकडे गाण्याच्या सिस्टिमसाठीचे आहेत. तिथला ट्रेबल १० हजार हर्ट्झच्या आसपास काम करतो. गिटारच्या स्पीकरचा आवाज ५ हजारच्या पुढे झपाट्याने उतरतो. तिथे वाढवायला सिस्सशिवाय काहीच नसतं. बासचंही तेच, मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झला वाजते आणि बोर्ड त्याच्या बराच खाली जोर लावतो.

डिचोलीचा_ओहम

धूर यांनी निदान केलंय, मी सर्किट देतो. एक टीएल०७४ (एका आयसीत चार ऑप-अँप) पुरते: पहिला भाग बफर, दुसरा बास-ट्रेबल, तिसरा मिड, चौथा मिडसाठी लागणारी नकली कॉइल. टीएल०७४ नसेल तर दोन ४५५८ चालतील, फक्त पिन नंबर बदलतील. म्हापशा-मडगावच्या रिपेअरवाल्यांकडे ४५५८ हमखास असते.

पुरवठा: अडॅप्टरच्या धन तारेत १एन५८१७ डायोड, मग ४७ ओहम, मग ग्राउंडला २२० मायक्रो. टीएल०७४ च्या पिन ४ (धन) आणि ११ (ग्राउंड) यांच्यामध्ये १०० नॅनो अगदी पायाशी. तो दूर ठेवला की शिट्टी वाजते. निम्म्या व्होल्टेजसाठी धन ते ग्राउंड मालिकेत १० के, १० के आणि त्यांच्या जोडावरून ग्राउंडला ४७ मायक्रो. याला पुढे 'मध्य' म्हणतो. डायोड आणि ४७ ओहम मिळून पाऊण व्होल्ट खातात, तेव्हा ९ चे सव्वाआठ होतील आणि मध्य ४.१ च्या आसपास येईल. घाबरू नका.

बफर: जुना व्हॉल्यूम पॉट काढा. डायोडच्या जोडावरून १०० नॅनो, मग १०० के, मग पिन ३. पिन ३ वरून १०० के मध्याला आणि ६८० पिको ग्राउंडला. पिन १ आणि २ जोडलेले. दोन १०० के मिळून सिग्नल मुद्दाम निम्मा करतात, कारण पुढे बूस्टला जागा हवी. ६८० पिकोमुळे ४७०० हर्ट्झच्या वरची डायोडची किरकिर उतरते. आणखी धार हवी असेल तर ४७० पिको लावा, सीमा ६८०० ला जाते.

बास: पिन १ वरून २२ के, बास पॉटच्या लग ३ ला. लग १ वरून २२ के, पिन ७ ला. लग २ आणि ३ मध्ये ३३ नॅनो, लग २ आणि १ मध्येही ३३ नॅनो. लग २ वरून १० के, पिन ६ ला. पिन ५ थेट मध्याला.

ट्रेबल: पिन १ वरून १० के, ट्रेबल पॉटच्या लग ३ ला. लग १ वरून १० के, पिन ७ ला. लग २ वरून ३.३ नॅनो, पिन ६ ला. पिन ६ आणि ७ मध्ये ४७ पिको.

दोन्ही पॉट बी १०० के, म्हणजे लिनिअर. ए म्हणजे लॉग घेतलात तर सपाट आवाज मध्यावर न येता भलत्याच जागी येईल. दुकानात व्हॉल्यूमसाठीचे ए जास्त असतात, पाठीवरचा शिक्का वाचूनच घ्या. मूळ पद्धतीत ट्रेबलला ५०० के असतो, त्याने बूस्ट १४ डीबी मिळतो. १०० केने साडेअकरा. गिटारला साडेअकरा पुष्कळ झाले, आणि सिस्सही तेवढंच कमी. बासच्या पूर्ण बूस्टला ८२ हर्ट्झवर साधारण ९ डीबी येतात.

मिड: पिन ७ वरून ३.३ के, पिन १० ला. पिन ८ वरून ३.३ के, पिन ९ ला, त्याच्यावर ४७ पिको. मिड पॉट बी १० के: लग १ पिन १० ला, लग ३ पिन ९ ला. लग २ वरून २२० नॅनो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन वाटा: एक १ के, पिन १४ ला, दुसरी २.२ नॅनो, पिन १२ ला. पिन १२ वरून १०० के मध्याला. पिन १३ आणि १४ जोडलेले.

१ के, १०० के आणि २.२ नॅनो यांचा गुणाकार ०.२२ हेन्री, एवढी कॉइल आपण फसवून तयार केली. २२० नॅनोबरोबर ती ७२३ हर्ट्झला घुमते. तिथे वर-खाली १२.७ डीबी मिळतात. इथे १०० केचा पॉट लावू नका. चालेल, पण पॉटचा सगळा परिणाम शेवटच्या चिमूटभर फिरवण्यात गोळा होईल.

शेवटी पिन ८ वरून १ मायक्रो, मग १०० के लॉग व्हॉल्यूम. इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन पाय पिन ८ कडे.

३३ नॅनो, ३.३ नॅनो, २२० नॅनो आणि २.२ नॅनो हे चारही मायलर (प्लास्टिक फिल्मचे कपॅसिटर) घ्या. अंगावर अनुक्रमे ३३३, ३३२, २२४ आणि २२२ असं लिहिलेलं असतं. ३३३ आणि ३३२ मधली गल्लत नेहमीची: बासच्या जागी ३३२ बसला तर बासचं बटण मिडमध्ये लुडबुड करतं.

खांडेपार_फझ

ओहम, सर्किट उत्तम. हेडरूमवर (सिग्नल न कापता हलायला किती जागा आहे त्यावर) दोन शब्द, कारण हे वाचून कोणीतरी डायोडच्या जागी लाल एलईडी लावणारच.

सव्वाआठ व्होल्टवर टीएल०७४ चं आउटपुट माथ्यापासून तळापर्यंत साधारण साडेपाच व्होल्ट हलतं. १एन४१४८ ची जोडी सिग्नल १.२ व्होल्टवर कापते. तो निम्मा न करता मिड पूर्ण उघडला (१२.७ डीबी म्हणजे ४.३ पट) तर १.२ गुणिले ४.३ म्हणजे ५.२, अगदी काठावर. त्यात बास किंवा ट्रेबल थोडा जरी वर असला की टोनचा भागच क्लिप होतो, म्हणजे लाट कापतो. टीएल०७४ चा इनपुट तळाच्या जवळ गेला तर आउटपुट उलटं उडी मारतं, तो आवाज फाटक्या स्पीकरसारखा येतो आणि माणूस उगाच डायोड बदलत बसतो.

लाल एलईडीची जोडी साधारण ३.४ व्होल्ट देते. तिथे निम्मा करूनही भागत नाही. १०० के-१०० केच्या जागी २२० के मालिकेत आणि ४७ के मध्याला लावा, सिग्नल परत ०.६ व्होल्टवर येतो. ६८० पिकोच्या जागी १ नॅनो.

पुरवठा १८ व्होल्टवर नेणं हा दुसरा उपाय, पण चार्ज पंप (व्होल्टेज दुप्पट करणारी आयसी) निवडताना जपून. साधी आयसीएल७६६० साडेदहा व्होल्टच्या वर मरते. स्वस्त, नियमन नसलेल्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमधून लोड नसताना १२-१३ व्होल्ट सहज निघतात. शिवाय तिचं ऑसिलेटर १० हजार हर्ट्झचं आहे, म्हणजे ट्रेबल वाढवला की बारीक शिट्टी ऐकू येते. एलटी१०५४ घ्या, तिची मर्यादा १५ व्होल्टपर्यंत आणि चाल २५ हजार हर्ट्झची. दुप्पट केलेल्या बाजूचे कपॅसिटर २५ व्होल्टचे. माझं मत विचाराल तर सिलिकॉन डायोडसाठी हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे.

साखळी_सिंगल_कॉइल

एक शंका. एवढं करण्यापेक्षा क्लिपिंगच्या आधीच बास वाढवला तर नाही चालणार? भाग कमी लागतील.

डिचोलीचा_ओहम

चालणार नाही. क्लिपिंगच्या आधी वाढवलेला बास डायोड आधी खातात. जाड तारेचा मोठा सिग्नल बाकीच्या सुरांना दाबतो आणि कॉर्ड चिखल होते. उलट आधी बास थोडा कापावा आणि क्लिपिंगनंतर तोच परत भरावा. फोंडेकरांच्या पेडलमध्ये गेन पॉटच्या तळाशी ग्राउंडला जाणारा जो कपॅसिटर आहे तो निम्मा केला तरी फरक कळेल. नंतरचा बास स्वच्छ येतो, कारण तिथे तो पुन्हा कापला जात नाही.

फोंड्याचा_गिटारवाला

ओहम भाई, बांधलं. टीएल०७४ मिळाली. आवाज येतो, पण फझसारखा, सूर संपताना तडतडून एकदम बंद पडतो. बास फिरवून विशेष फरक नाही. पिनवरचे व्होल्टेज: पिन ४ वर ८.२, पिन १ वर ४.१, पिन ७ वर ७.१, पिन ८ वर ७.१, पिन १४ वर ४.१. तिसरा भाग जळला असेल का? आयसी बदलून पाहू?

डिचोलीचा_ओहम

आयसी बदलू नका. ८ निर्दोष आहे. पिन ७ पासून ८ पर्यंत वाटेत कपॅसिटर नाही, म्हणून ७ जिथे बसेल तिथेच ८ बसणार. दोष दुसऱ्या भागात आहे.

पिन ७ वरून पिन ६ ला डीसीची परतीची वाट एकच: २२ के, बास पॉट, १० के. ट्रेबलच्या वाटेत ३.३ नॅनो आडवा आहे, तिथून डीसी जात नाही. ती एक वाट तुटली की ऑप-अँपला लगाम राहत नाही. दोन्ही इनपुटमधल्या मिलिव्होल्टच्या फरकावर तो माथ्याला किंवा तळाला जाऊन चिकटतो. तुमचा माथ्याला चिकटलाय. फझसारखा आवाज आणि सूर संपताना तुटणं, दोन्ही त्यामुळेच.

पुरवठा काढा, आयसी सॉकेटमधून उचला आणि सॉकेटच्या ६ व ७ मध्ये ओहम मोजा. बास मध्यावर असताना ६२ केच्या आसपास, पूर्ण कटला ३०, पूर्ण बूस्टला ७६ यायला हवेत. सरळ बेरीज का येत नाही असं वाटेल, तर ट्रेबल पॉटमधून पिन १ कडे फिरून येणारी दुसरी वाट समांतर असते. मध्यावर २०० केच्या आसपास आलं तर समजा की बास पॉटचा लग १ किंवा त्याचा २२ के सुटलाय.

बहुतेक लग १ च असेल. स्वस्त पॉटमध्ये लग आणि आतली कार्बनची पट्टी नुसत्या रिव्हेटने दाबलेली असते. लग वाकवला किंवा सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरून ठेवला की रिव्हेट ढिला होतो. बाहेरून सोल्डर चकचकीत दिसतं आणि आत संपर्क नसतो. म्हणून मीटरचं टोक लगवर न ठेवता सॉकेटवर ठेवा.

फोंड्याचा_गिटारवाला

मध्यावर १९८ के! लग १ हलवला की ६२ वर उडी मारतं. पॉट बदलला, आता ७ आणि ८ दोन्ही ४.१ वर. देव बरें करूं, भाई. बटणं सगळी काम करतात. आता बास-ट्रेबल नेमकं सांगितल्याएवढं देतात का ते मोजायचं असेल तर ऑसिलोस्कोपशिवाय जमेल?

सोल्डरचा_धूर

मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या. डायोडच्या जोडाकडे जाणारा १० के एका बाजूने सोडवा, म्हणजे ७४१ मध्ये येणार नाही, आणि तिथे मोबाइलचा सिग्नल द्या. १०० हर्ट्झ लावून मोबाइलचा आवाज असा ठेवा की पिन १ वर १०० मिलिव्होल्ट एसी दिसेल. आता पिन ७: बास मध्यावर १००, पूर्ण बूस्टला २५० च्या आसपास, पूर्ण कटला ४०. मिड-ट्रेबल मध्यावरच असू द्या. मीटर स्वस्तातला असेल तर धन टोकाशी १ मायक्रोचा फिल्म कपॅसिटर लावा, नाहीतर ४.१ व्होल्ट डीसीमुळे आकडा फसवा येतो. ट्रेबल मात्र साध्या मल्टीमीटरवर मोजू नका, त्यांचं एसी वाचन काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचं नसतं. तिथे कानच बरे.

आणि आता जून तोंडावर आलाय म्हणून सांगतो. बोर्डवर सोल्डरचा फ्लक्स राहिला असेल तर तो आपल्याकडच्या पावसात ओल धरतो. पिन ३ आणि पिन १२ च्या आसपास १०० केचे अडथळे आहेत, तिथे ओल आली की मंद खरखर सुरू होते आणि ऊन पडलं की आपोआप जाते, दोष काही सापडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन मागची बाजू घासा, पूर्ण सुकू द्या, मग क्लिअर लॅकरचा एक हात मारा. पॉट आणि जॅकवर टेप लावून मगच. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी जॅक निकेलचे चांगले घ्यावेत, खारी हवा स्वस्त जॅक महिन्यांत काळे करते.

खांडेपार_फझ

ट्रम्पेटच्या गोंगाटातून वर यायचं तर ७२३ हर्ट्झ थोडं खाली पडेल असं मला वाटतं. तिथे कीबोर्डवाल्याचा डावा हातही भरपूर असतो. २२० नॅनोच्या जागी १५० लावला तर ८७६ हर्ट्झ, १०० लावला तर १०७३. कपॅसिटर लहान केला की शिखर अरुंदही होतं, १०० नॅनोला ते जवळजवळ दीडपट टोकदार होतं. त्यामुळे सोलो पुढे येतो, पण कॉर्ड नाकात वाजतात.

ठरत नसेल तर छोटा टॉगल स्विच लावा. १०० नॅनो कायमचा आणि स्विचमधून समांतर १२० नॅनो. स्विच बंद तर १०७३, चालू तर परत २२० होऊन ७२३. कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना ४.१ व्होल्टच असल्यामुळे वाजवता वाजवता स्विच टाकला तरी टक् आवाज येत नाही. स्विचच्या तारा मात्र दोन इंचांच्या आत ठेवा आणि इनपुट जॅकपासून लांब, नाहीतर गेन पूर्ण असताना शिट्टी धरते.

फोंड्याचा_गिटारवाला

स्विच लावतो. पेटीत गेन, बास, मिड, ट्रेबल, व्हॉल्यूम असे पाच पॉट आणि वर हा टॉगल. १५९०बी मध्ये मावेल का?

डिचोलीचा_ओहम

१६ मिलिमीटरचे पाच पॉट १५९०बी मध्ये मावणार नाहीत. त्याहून मोठी १५९०बीबी घ्या. वरच्या रांगेत बास-मिड-ट्रेबल, खाली गेन आणि व्हॉल्यूम, टॉगल मिड पॉटच्या खाली. पॉटच्या पाठीला इन्सुलेशन टेप लावा, झाकण आवळलं की व्हेरो बोर्डची मागची बाजू बरोबर तिथेच टेकते.